मोरी शंभर ग्रॅम: चौथीतल्या एका मुलाच्या शुद्धलेखनाचं प्रकरण

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मराठी माध्यमात. घर नागपुरात, मानेवाडा रिंगरोडच्या आतल्या बाजूला. वडील हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत, बहुतेक रात्रपाळीला. आई घरी मशीनवर ब्लाऊज, फॉल, पिको करते. आबाजी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. धाकटी बहीण त्याला दादू म्हणते म्हणून सगळं घर दादू म्हणतं. इथंही तेच चालवू. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

लिहिण्यात अडलेल्या मुलांबरोबर मी काम करते. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर आई वह्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, तोंडी विचारा, धडाधड सांगते. लिहाले बसवलं का डोयात पानी." मराठीची वही उघडली तर ओळीओळीत लाल गोल. पण तिला खरं टोचत होतं ते परिसर अभ्यासाच्या पेपरातलं. चौथीला शिवछत्रपतींचं पुस्तक असतं. प्रतापगडाचा प्रसंग हा मुलगा हातवारे करून, खानाचा आवाज काढून, शामियान्यासकट सांगतो. पेपरात त्याच प्रश्नाला उत्तर होतं: 'खान आला. माहाराजांनी त्याले मारले. लोक खुश झाले.' गुण जेमतेम एक.

तोवर घरचे उपाय करून झाले होते. शिकवणी लावली, हस्ताक्षर वर्गाची फी भरली आणि आबाजींनी त्यांच्या काळचा इलाज सुरू केला: जो शब्द चुकेल तो वीस वेळा लिही. आबाजींचं स्वतःचं अक्षर वळणदार, टपोरं. नातवाचा राग नव्हता, काळजी होती. "मी सातवी शिकलेला माणूस, पन काना-मात्रा कधी चुकली नाई," हे त्यांनी पहिल्याच भेटीत ऐकवलं.

आधी नुसतं बघितलं

डोळे आणि कान तपासून घ्या, हे मी सगळ्यांत आधी सांगते, आणि बहुतेक घरांत ते झालेलं नसतं. फळ्यावरचं नीट दिसत नसेल, एका कानानं कमी ऐकू येत असेल तर शुद्धलेखनाशी झुंजण्यात अर्थ नाही. दादूचं दोन्ही ठीक निघालं.

मग प्रतापगडावरच त्याच्याकडून चार प्रकारचं काम करून घेतलं. आधी तोंडी सांगितलं, ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मग त्याच्या मनानं लिहिलं. मग पुस्तकातला परिच्छेद बघून उतरवला. शेवटी त्याच परिच्छेदातली काही वाक्यं मी सांगितली आणि त्यानं लिहिली. चारही कागद शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते नुसती वही चाळून कधी दिसत नाही.

बघून लिहिलेलं जवळपास स्वच्छ होतं, पण एकेका अक्षराला मान वर होत होती, म्हणजे अख्खा शब्द डोक्यात धरून ठेवणं त्याला जड जात होतं. सांगून लिहिलेल्यात चुका भरपूर, तरी शब्द सगळे आलेले. आणि मनानं लिहिलेल्यात चुका त्या मानानं कमी! आई खूश झाली. मला तोच कागद सगळ्यांत काळजीचा वाटला. तोंडी सांगताना 'पराक्रम', 'शामियाना', 'वाघनखं', 'दगाफटका' हे शब्द सहज आले होते. लिहिताना त्यातला एकही नव्हता. 'पराक्रम' लिहिता येत नाही म्हणून त्यानं 'चांगले काम' लिहिलं होतं. लाल गोल चुकवायला मूल भाषाच आखडती घेतं. असं दोन-तीन वर्षं चाललं की लोक म्हणतात, मुलाचा शब्दसंग्रहच तोकडा आहे.

वीस वेळांच्या वह्याही मागून घेतल्या. 'विद्यार्थी' हा शब्द वीस ओळींत होता. नीट बघितल्यावर कळलं की त्यानं शब्द वीस वेळा लिहिलेलाच नाही. आधी वरपासून खालपर्यंत नुसते 'वि' काढले, मग खालोखाल 'द्या', मग 'थी', आणि शेवटी वरून रफार ठोकत गेला. ही युक्ती मी इतक्या मुलांच्या वहीत पाहिली आहे की आता तिचं कौतुकच वाटतं. पण त्यातून शब्द डोक्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी 'विद्याथी' लिहून मोकळा.

चार रंग

आईला मी एक काम दिलं. वहीतल्या चुका पुन्हा बघायच्या, पण चूक किती हे मोजायचं नाही, कुठून आली ते शोधायचं. त्यासाठी चार रंगांच्या पेन्सिली.

हिरवा रंग बोलीतून आलेल्या चुकांचा: नाई, पायजे, रायला, पानी, कोनी, मले, डोया. हे मूल कानानं ऐकतं ते अगदी चोख लिहितं. त्याच्या घरात 'नाही' असा ह खणखणीत वाजवून कुणी बोलतच नाही. आई काटोलकडची, आबाजी उमरेडचे. म्हणजे ऐकलेल्या ध्वनीला अक्षर देणं, जे लिहिण्याचं मूळ, ते त्याला जमत होतं. या ढिगाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पेपर तपासणाऱ्याची रेटते.

निळा रंग ऱ्हस्व-दीर्घाचा: मुलगि, नदि, फुल, बहिण, आणी. इथं कान कामाचा नाही. आजच्या बोलण्यात इ आणि ई, उ आणि ऊ यांतला फरक जवळपास उरलेला नाही, त्यामुळे 'नीट ऐक आणि लिही' हा सल्ला फोल. इथं नियमच लागतो.

जांभळा रंग लिपीच्या रचनेचा. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि बोलताना ती नंतर येते. 'वर्ग' म्हणताना र् आधी येतो आणि लिहिताना तो पुढच्या ग च्या डोक्यावर जाऊन बसतो. तोंडाचा आणि हाताचा क्रम असा उलटा पडला की काही मुलं अडखळतात. दादू 'र्वग' लिहायचा, 'विर्दभ' लिहायचा, जोडाक्षरातलं एखादं अक्षर गाळायचा. सारखी दिसणारी अक्षरंही याच रंगात: 'भारत' चं 'मारत', 'धडा' चं 'घडा', 'थंडी' ची 'यंडी'.

चौथा पिवळा, दमलेल्या हाताचा. पहिल्या चार ओळींत काने-मात्रे जागच्या जागी, शेवटच्या चार ओळींत निम्मे गायब. एकच शब्द वर बरोबर, खाली चूक. त्याला येत होतं, हात पुरत नव्हता.

पानं रंगवून झाल्यावर हिरवा आणि निळा मिळून अर्ध्याहून जास्त जागा व्यापत होते. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हा अर्धा माह्यामुळंच चुकते." तिला मी स्पष्ट सांगितलं की घरातलं बोलणं बदलायचं नाही. नागपुरात मी अशी घरं पाहिली आहेत जिथं मुलासाठी आई-वडील अचानक पुस्तकी बोलायला लागतात. मूल दोन दिवस हसतं, मग गप्प होतं. बोलणं आटलं तर लिहायला उरणार काय?

हिरव्याचं काम किराण्याच्या यादीत

किराण्याची यादी दादूनं लिहायची असं ठरलं. पहिल्याच यादीत 'मोरी 100 ग्रॅम' आलं. आबाजी हसून लोटपोट झाले, "मोरी तोलून आणाची का बे आता?" दादूही हसला, आणि मग त्यानं स्वतःच विचारलं की मोहरीतला ह बोलताना कुठं जातो. इथून गाडी रुळावर आली. जुन्या कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखले, एकावर लिहिलं 'घरचं', दुसऱ्यावर 'वहीचं'. नाई-नाही, पायजे-पाहिजे, रायला-राहिला, मोरी-मोहरी. चार जोड्या झाल्यावर सगळीकडे तोच ह गिळला जातो हे त्याच्या ध्यानात आलं. मग न-ण च्या जोड्या: पानी-पाणी, कोनी-कोणी, लोनी-लोणी. मग डोया-डोळा, काया-काळा. रोज एखाद-दोन जोड्या, तेही सापडल्या तरच.

सांबार (म्हणजे कोथिंबीर), आलू, टमाटर, फल्लीदाणे हे यादीत जसेच्या तसे राहिले. ते इथले शब्द आहेत. दुकानदारालाही तेच कळतात. गोष्ट लिहिताना कुणी पात्र 'काय करून रायला बे' म्हणत असेल तर अवतरणचिन्हात तेही राहू दिलं. बाहेरच्या निवेदनात मात्र 'करत होता'. नऊ वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. घरी आजीशी एक, शाळेत बाईंशी दुसरं असं तो दिवसभर बोलतच असतो.

निळ्याचं काम आबाजींच्या रूटवर

शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळानं 1962 साली ठरवले आणि 1972 साली त्यात भर पडून ते अठरा झाले. चौथीच्या मुलाला अठरा नियम देऊन काही साधत नाही. दोन पुरतात. एक: मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ. दोन: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या अलीकडची वेलांटी-उकार दीर्घ, आणि शेवटाला काना, मात्रा, वेलांटी असं काही लागलं की अलीकडचं ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दुसऱ्या नियमात बसत नाहीत (गुण, विष, मधुर), ते वेगळे पाठ करायचे, पण त्यांची घाई नाही. पहिल्याला 'आणि' हा अपवाद पाठच करायचा.

हे शिकवायला आबाजींपेक्षा चांगला माणूस मिळाला नसता. त्यांना नागपूर विभागातले आणि आजूबाजूचे सगळे थांबे तोंडपाठ. वीस वेळांचा इलाज सोडा असं मी म्हटलं असतं तर ते दुखावले असते. त्याऐवजी त्यांना थांबे पुकारायला सांगितलं. संध्याकाळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन दादू बसायचा आणि आबाजी ओरडायचे, "वणी! पवनी! पारशिवनी! कोंढाळी!" शेवटी सगळीकडे दुसरी वेलांटी. मग नागपूर, भिवापूर, चंद्रपूर: पू दीर्घ. आणि लगेच नागपुरात, चंद्रपुरात, नागपुरी संत्री: पु ऱ्हस्व. एके दिवशी ब्रह्मपुरी निघालं. दादूनं आधी 'पू' काढला, मग थांबला, शेवटच्या री कडे बोट दाखवून 'पु' केला. ह्म मात्र चुकला, तो जांभळ्या रंगातला, त्याला त्या दिवशी हात लावला नाही. एका बैठकीत एकाच रंगाची चूक दुरुस्त करायची, हा नियम मी मोठ्यांना घालून दिला होता. तो पाळणं मुलापेक्षा मोठ्यांना कठीण जातं.

नागपूर वरून तो फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला इथपर्यंत आपणच आला. शहरातल्या पाट्यांवर 'नागपुर' आणि 'नागपूर' दोन्ही दिसतात, ते का, असंही त्यानं विचारलं. हिंदीत ऱ्हस्व, मराठीत दीर्घ. यानंतर बसमधून जाताना पाट्या तपासणं हा त्याचा उद्योग झाला. दुकानांच्या पाट्यांवर इतक्या चुका सापडतात की मुलाचा आत्मविश्वास वाढायला तेवढं पुरे.

शब्द पाठ करायची रीत साधी: बघ, मोठ्यानं म्हण, झाक, लिही, काढून ताड. चार-पाच शब्दांच्या वर नाही. आज लिहिलेले उद्या एकदा, मग तीन-चार दिवसांनी एकदा, मग आठवड्यानं. विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवावं लागलं की शब्द पक्का बसतो. एका दमात वीस वेळा लिहिताना आठवायची वेळच येत नाही, कारण शब्द समोर असतो.

तर्री, आणि तुटलेली शिरोरेषा

रफार मी तर्री पोह्यावरून शिकवला. मानेवाडा चौकातल्या गाड्यांवर तो शब्द रोज दिसतो, आणि 'तररी' असं लिहून दाखवलं की मुलं आपणच म्हणतात, असं नाही म्हणत कुणी. तर्... री. अर्धा र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मग वर्धा, आर्वी, सर्व, वर्ग, विदर्भ. आईनं शिंप्याचा खडू काढला, काळं कापड पाटावर ताणलं आणि तो वीतभर मोठी अक्षरं काढू लागला. खांद्यापासून हात फिरला की क्रम अंगात मुरतो. चिमुकल्या चौकटीत बोटांनी तो तसा मुरत नाही. चुकलं तर कापड झटकलं की साफ, खाडाखोड शिल्लक राहत नाही.

'मारत', 'घडा', 'यंडी' यांचा उलगडा मात्र वेगळाच निघाला. भ, ध, थ या तिन्ही अक्षरांच्या सुरुवातीला वर एक गाठ असते आणि तिथं शिरोरेषा तुटते. म, घ, य वर ती अखंड जाते. दादू शब्द पूर्ण करून शेवटी एका झटक्यात वरून सरळ रेघ मारायचा. त्या रेघेनं भ ची फट बुजायची आणि वाचणाऱ्याला म दिसायचा. म्हणजे यातल्या बऱ्याच ठिकाणी त्यानं अक्षर बरोबरच काढलेलं होतं! पट्टीवर तीन अक्षरं लिहून दिली, 'इथं पेन्सिल उचल' असा बाण काढला, आणि हा अर्धा ढीग बघता बघता आटला. उरलेल्या अर्ध्यात खरा गोंधळ होता. तो अजून आहे.

पिवळा रंग, म्हणजे हात, यावर फार बोलण्यासारखं नाही. तो पलंगावर पालथा पडून लिहायचा. आईच्या इस्त्रीच्या टेबलाशी बसवलं, पाय लोंबकळत होते म्हणून खाली पाट दिला, अंगठा बाकीच्या बोटांवरून गुंडाळून तो पेन्सिल आवळायचा ते हळूहळू सैल केलं. दहा-पंधरा मिनिटं झाली की उठायचं. महत्त्वाचं एवढंच की विचार करणं आणि लिहिणं ही दोन कामं आम्ही वेगळी केली. गोष्ट त्यानं सांगायची, आईनं त्याच्याच शब्दांत उतरवायची, आणि त्यातल्या पहिल्या चार ओळी त्यानं स्वतः लिहायच्या. प्रतापगड आईच्या अक्षरात दोन पानं भरला, शामियाना आणि वाघनखांसकट.

डब्यातली चिठ्ठी

वडील रात्रपाळीला निघाले की मुलं जेवत असतात. सकाळी परततात तेव्हा दादू शाळेत गेलेला असतो. आठवड्यातले कितीतरी दिवस बापलेकांची धड भेट नाही. मी सुचवलं की डब्यात एक चिठ्ठी जाऊ द्या. लाल पेन तिथं चालणार नाही, आईनंही वाचायची नाही. चिठ्ठ्यांत काय होतं ते मला फारसं माहीत नाही, दादूनं दाखवल्या तेवढ्याच पाहिल्या. 'बाबा डब्यात आलूची भाजी आहे. मला नवी चप्पल पायजे.' वडिलांचं उत्तर मशीनच्या खणात यायचं. एका उत्तरात 'आणी' होतं. दादूनं त्याला गोल केला, आणि खाली लिहिलं, 'चालेल'.

एका रविवारी वडील भेटले. म्हणाले, "मले पन शाळेत हेच होत होतं मॅडम. आयटीआयमंदी थेरीत दोनदा अडकलो, प्रॅक्टिकलले मात्र पयला." हे आधी कुणी बोललं नव्हतं, आणि ते कामाचं होतं. वाचन-लेखनाची अडचण पुष्कळ वेळा घराण्यात चालत येते. तपासणीला गेल्यावर ही माहिती विचारतातच.

शाळेत फार काही मागितलं नाही. वर्ग मोठा, बाईंच्या हाताखाली दुसरं कुणी नाही. दोनच विनंत्या केल्या: पंधरवड्याला एकाच प्रकारची चूक धरायची, बाकीच्या सोडायच्या, आणि परिसर अभ्यासाचे एक-दोन प्रश्न तोंडी घ्यायचे. बाईंनी दुसरी लगेच मान्य केली. पहिलीला महिनाभर लागला, कारण इतर पालक वही बघून 'चूक तपासलीच नाही' म्हणतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. शेवटी दादूच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच चौकट आखली: या पंधरवड्यात तपासणार - ण. चौकट असली की कुणी काही बोलत नाही.

उन्हाळ्यात काम जवळपास बंद ठेवलं. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि मे महिन्यात दुपारी कूलरसमोर मुलाला शुद्धलेखनाला बसवणं म्हणजे सगळं केलेलं मातीत घालणं. यादी आणि चिठ्ठी तेवढी चालू राहिली.

पाचवीत गेल्यावर पोळा आला. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे पीडा गावाबाहेर घालवायला काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. वस्तीतल्या पोरांनी बडग्याचा पुतळा केला आणि त्याच्या गळ्यात अडकवायच्या पाट्या कुणी सुचवायच्या, तर जिभेनं तल्लख दादूनं. 'रस्त्यातले खड्डे घेऊन जा गे मारबत'. 'डासांची फौज घेऊन जा गे मारबत'. एरवी तोंडी सांगून मोकळा झाला असता. यंदा ब्रशही त्यानंच धरला. पाटी आख्खी वस्ती वाचणार म्हणून त्यानं प्रत्येक ओळ आधी कागदावर लिहिली आणि शेवटच्या शब्दाकडून उलटी वाचत तपासली. ही सवय मी लावली होती: सरळ वाचताना डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि चूक दिसत नाही, उलटं वाचताना प्रत्येक शब्द सुटा दिसतो. एका पाटीवर 'वीस वेळा लिहिणे घेऊन जा गे मारबत' होतं. आबाजींनी तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

जे गेलं नाही

आता नीट सांगायचं ते हे. हिरवा ढीग पाचवीच्या सुरुवातीपर्यंत जवळपास सरला. निळा बराच उतरला. पिवळा टेबल-पाटानं निम्मा झाला. जांभळ्यातला एक भाग जागचा हलला नाही: जोडाक्षरात अक्षर गाळणं, शब्दातल्या अक्षरांची अदलाबदल, आज आलेला शब्द परवा कोरा. इंग्रजीतही तेच. छोटी बी आणि छोटी डी अजून उलटसुलट होतात, आणि चार अक्षरांच्या पुढचं स्पेलिंग टिकत नाही. घरचं काम नेटानं, न कुरकुरता झालेलं असताना एक विशिष्ट ढीग तसाच राहतो, तेव्हा घरी आणखी जोर लावण्यात शहाणपण नसतं. तपासणी करून घ्यायची.

'डिसॲबिलिटी' शब्द निघताच आबाजी उखडले. "पोट्टा येडा नाई हो." येडा नाहीच. विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात ती बुद्धीच्या कमतरतेची नव्हे. उलट बुद्धी आणि वाचन-लेखन यांत न जुळणारं अंतर दिसतं म्हणूनच ती शोधतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तिचा समावेश आहे. त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात, आणि त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तिसरी-चौथीच्या आधी सहसा ठाम निदान करत नाहीत, कारण तोवर पुष्कळ मुलं नुसती मागे असतात आणि मग गाठतात. गोळी-औषध यावर नाही. कुणी देत असेल तर तिथून उठून यावं.

आधी मानसशास्त्रज्ञांकडे चाचण्या झाल्या: बुद्धीची, वाचनाची, लेखनाची, गणिताची. आईनं रंगवलेल्या वह्या बरोबर नेल्या होत्या, आणि त्यांनी त्या चाचण्यांइतक्याच लक्ष देऊन बघितल्या, कारण बोलीमुळे झालेल्या चुका आधीच बाजूला काढलेल्या होत्या. नाहीतर वऱ्हाडी-नागपुरी घरातल्या मुलाच्या 'पानी' आणि 'नाई' या चुकाही अडचणीच्या खात्यात जमा होण्याचा धोका असतो. अहवालात आलं ते थोडक्यात असं: आकलन आणि तोंडी मांडणी वयाच्या पुढे, वाचनाचा वेग कमी, लेखन दोन इयत्ता मागे. प्रमाणपत्राची घाई करू नका, उपचारात्मक शिकवणं सुरू ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेऊ, असा सल्ला मिळाला. आईला तो पटला. वडिलांना कागद आत्ताच हवा होता. त्यांचंही चूक नाही, आयटीआय त्यांनी भोगलेली आहे.

सध्या पाचवीत हिंदी सुरू झाली आहे. हिंदीच्या वहीत 'पानी' बरोबर आणि मराठीच्या वहीत चूक, म्हणून हिरवा रंग पुन्हा थोडा उगवला. कॅलेंडरमागे तिसरा रकाना आखून घेतला: घरचं, मराठीचं, हिंदीचं. जांभळ्यासाठी आता आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतो. जोडाक्षरं सुटी करून, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर, एकावेळी एकच जोडी. परवा 'ब्रह्मपुरी' तुकड्यांनी बरोबर जुळवलं, वहीत लिहिताना ह्म पुन्हा सुटला. पुढच्या वर्षीच्या सेमी-इंग्रजीच्या अर्जावर आईनं अजून सही केलेली नाही. चाचणीचा दुसरा अहवाल येईपर्यंत थांबा असं मी सांगितलं आहे.